घरचीच एक ॲडमिशन

१८ ऑगस्ट, सोम.
हे आज परत हिंगणीले जाऊन आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. बी.एड. कॉलेजचे प्रोफेसर, अन् दारोदार पोरं मांगत फिरून राह्यले. ॲडमिशन आणा, नाई तर पोस्ट गेली म्हणते संस्थावाले. एका म्हातारीनं विचारलं म्हणे, "काय विकाले आले जी?" मले हसू आलं. यायले नाई आलं.

२० ऑग.
मी सातवी शिकली. लग्न झालं तवा हे शाळेत साधे गुरुजी होते. वांगे अन् सांभाराच्या जुड्या विकून यायचं एम.एड. मी करवलं. पीएच.डी. झाली तवा साऱ्या गल्लीत पेढे वाटले. त्या मानसाले आता... जाऊ दे.

२३ ऑग., शनि.
जेवताना म्हणाले, "पल्लवीचंच नाव टाकू. घरचीच एक ॲडमिशन." पोरीचा घास हातातच राह्यला. बी.ए. झाली, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे केळझरच्या रस्त्यानं धावते.
मी म्हटलं, "काऊन? तिले मास्तरीन नाई व्हायचं."
"नुसतं नाव राहील. हजेरीचं मी पाहतो."
नुसतं नाव कसं? ओरिजनल कागद कॉलेजात जमा होते. भरतीवाले तेच मांगते. मंग?

२४ ऑग.
सरळ बोलली. "वर्गात शिकवता, लेकराचा कल पाहा. घरच्या लेकराले कल नाई का?"
चष्मा पुसत बसले. भाजी करपली.

२८ ऑग.
कॉलेजातल्या नव्या मॅडमनं ॲडमिशनले दीर भरला. शिपायानं सून. यायचीच एक कमी. नोकरी गेली तर या वयात कोण ठेवते? वांगे विकतीन का हे? मोजता तरी येते का?

३० ऑग.
पल्लवी म्हणे, "आई, देऊन टाक कागद. बाबाचं तोंड पाहवत नाई." तिच्यावरच ओरडली मी. "तुले कोनं मांगितलं शानपन!" मंग दोघी रडलो.

१ सप्टें., सोम.
आज ॲडमिशनची शेवटची तारीख. पल्लवीचे कागद मी कालच पेटीतून काढले, लुगड्यात गुंडाळले. यायले समजलं. शोधले नाई. ओसरीत बूट घालून बसले, म्हणाले, "तू सांग. तू म्हणशील तसं."
एवढ्या वर्षांत मले कधी काही विचारलं नाई. ना नोकरी बदलली तवा, ना घर बांधलं तवा. आता विचारून राह्यले.
कागद मांडीवर आहे. पल्लवी धावून आली नाई अजून.