आईच्या तळव्यावरचं माप

भूगाव, १२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाची, मी फिल्मवर काढलेली आईची स्लाइड सोबत आहे. बिघडली आहे. दर वर्षीसारखी ती सकाळी नऊच्या उन्हात बसली. तुमच्या पद्धतीने उजेड मोजायचं मीटर तिच्या तळव्यावर धरलं. शटर एकशेपंचवीसला ठेवलं तर छिद्राचा आकडा आठ आणि अकराच्या मध्ये आला, नेहमीसारखं छिद्र त्याहून एक स्टॉप जास्त उघडलं. तरी चेहरा पांढराफटक. मीटर लॅबमध्ये तपासलं, ठीक आहे. आई म्हणाली, त्यांना इतकी वर्षं जमलं, इंजिनिअर पोरीला एकदा जमेना.

इथल्या डॉक्टरांचं औषध तिला मानवतंय. व्हिडिओ कॉल नको म्हणते, आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. पायाचं प्लास्टर निघेपर्यंत प्रवासाचा विचार करू नका.

माया आहेच, ती राहू द्या.
किमया

लातूर, २० जानेवारी २०२५

चि. किमयास,
अनेक आशीर्वाद.

तू आकडे लिहितेस ते बरं करतेस. नऊच्या उन्हात तुझ्या आईच्या तळव्यावर सोळा येतं, म्हणजे तुझ्या आकड्याहून जास्त उजेड. आजवर कधी दुसरं आलं नाही. तळवा काळा असेल तरच मीटरला उजेड कमी वाटतो आणि ते जास्त उघडायला लावतं. दीड स्टॉपचा फरक आहे.

औषधाने तिचे हात काळे पडलेत का? तू लिहितेस, मानवतंय. मी इथे पलंगावर. जिनासुद्धा उतरता येत नाही. दुसरी काढ, या वेळी स्वतःच्या तळव्यावर मोज. आणि खरं लिही.

तिला मी विचारलंय म्हणून सांग.
बाबा

भूगाव, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा हिशेब बरोबर आहे. तळवे काळे पडलेत, नखंही. डॉक्टरांनी औषध थांबवलंय, दुसरं सुचवलेलं नाही. तुम्हाला कळवायचं नाही, अशी आईने शपथ घातली होती. म्हणाली, “त्यांना कळलं तर प्लास्टर फोडून निघतील, आणि वाटेत पडतील.”

दुसरी स्लाइड काढली. तिला बसवत नाही, म्हणून पलंग गॅलरीच्या दारापाशी ओढला. केस विंचरू का विचारलं, तर म्हणाली, कुठले.

काल स्लाइड लॅबमधून आली. उजेड अचूक आहे. या वेळी काहीच पांढरं पडलेलं नाही, गालाची हाडंसुद्धा स्पष्ट दिसतात. पाकिटात घातली आणि पुन्हा बाहेर काढली. पाठवू की नको, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही कळवा.

लोभ कमी होऊ देऊ नका.
किमया