बारा महिने, बारा म्युझियम

४ जानेवारी, सकाळी ७
रिटायर होऊन चार दिवस झाले. संकल्प : दर महिन्याला एक गाव, एक म्युझियम, दोघांनी मिळून. चौतीस वर्षं फिरतीची नोकरी केली, हिला वेळ देता आला नाही. आता सगळी भरपाई. ही म्हणाली, बघू. म्हणजे खूश आहे.

१८ जानेवारी
जुनी भांडी. आठवडाभर वाचून तयारी केली होती. प्रत्येक मडक्यापुढे हिला दहा-दहा मिनिटं समजावून सांगितलं. चौथ्या मडक्याला ही बाकावर जाऊन बसली. गुडघे दुखत असणार. पुढच्या वेळी बाकाजवळ उभं राहून सांगायचं.

१६ फेब्रुवारी
हिने काउंटरवरून ते कानाला लावायचं माहितीचं मशीन घेतलं. शेजारी मी असताना मशीन कशाला, असं विचारलं. ऐकू गेलं नाही. दोन तास लावून फिरली. मीही बोलत होतोच. दोन्हीकडून ज्ञान.

२२ मार्च
जुनी रेल्वे इंजिनं. पुन्हा मशीन. परत देताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही हे चालूच केलं नव्हतं." ही नुसती हसली. भोळी आहे. जेवताना बटण कसं दाबायचं ते मी दोनदा दाखवलं.

११ एप्रिल
लेकीचा फोन. बाबा, आईला जरा एकटीला राहू द्या, म्हणाली. कमाल आहे. हिचा एकटेपणा घालवायला तर मी जिवाचं रान करतोय. नवा संकल्प : घरीही रोज संध्याकाळी अर्धा तास चर्चा.

१५ एप्रिल
चर्चा, दिवस चौथा. विषय नाणी. ही भाजी निवडत होती. निवडून झाली तरी पुन्हा निवडायला घेतली. विषयात रंगली होती. एप्रिलचं म्युझियम राहिलं. हिचं डोकं दुखतंय.

३ मे, दुपारी ३
बॅगा काढल्या. ही म्हणाली, एकच भरा. एका बॅगेत दोघांचं मावणार नाही, असं मी सांगितलं. मग ही समोर बसली.
"तुम्ही फिरतीवर असायचात तेव्हा दुपारी घरात कुणी बोलत नसे. मला ते आवडायचं हो. आणि ते मशीन मला लावता येतं."
फार वाईट वाटलं. चर्चा रद्द.

१० मे
एकटा गेलो. चित्रं. एका चित्राबद्दल माझ्याकडे चांगली माहिती होती. वळून म्हणालो, हे बघ. शेजारी वॉचमन होता. त्याने बघितलं.
साडेबाराला सगळं संपलं. बाहेर येऊन हिला फोन केला. म्हटलं, आटपलं, लवकर येऊ का?
ही म्हणाली, "सावकाश बघून या."
तिकीट दाखवून परत आत गेलो.