मावशींची खोली

ती. आईस तुझ्या लेकीचा नमस्कार.

संगणक विभागाच्या इमारतीचा माझा नकाशा काल मंजूर झाला! यंत्रं तळघरात, माणसं खिडक्यांपाशी; इथल्या थंडीत यंत्रांच्या उष्णतेवरच वर्ग उबदार राहतील.

गेल्या आठवड्यात सफाईच्या मावशींनी नकाशा बघून विचारलं, "बाई, आम्ही डबा कुठं खायचा?" मी त्यांची जागा काढलीच नव्हती. फार लाज वाटली. मग भरपूर उजेडाची एक खोली त्यांना दिली.

काल विभागप्रमुख म्हणाले, "ही प्राध्यापकांना द्या." मी म्हटलं, "मग नकाशावर माझी सही नको." आणि पेनाला टोपण लावलं. खोली राहिली.

तुझा गुडघा कसा आहे? नुसतं 'बरा आहे' लिहू नकोस. मी वेळेवर जेवते.

मावशींना बातमी सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "खिडकी उघडते ना?"

उघडते गं, आई.

तुझी,
धाकटी