आईच्या करंड्यातलं ओठांचं मेण

लोणंद, मार्गशीर्ष, सन १९७४

तीर्थस्वरूप केरबामामा,

भाऊसोचा दंडवत तुमच्या पायांना, आणि बर्फात आखडणाऱ्या त्या डाव्या गुडघ्याला वेगळा. गुडघा कसा आहे ते कळवा, आणि तुमच्याच पलटणीतला आपला नानासोदादाही. इकडे आई ठीक, म्हैस ठीक. आबांचे ओठ मात्र लाल आहेत, त्याचं कारण पुढं येईल.

मामा, माझं आयुष्य पालटलं ते इथल्या बोकडांच्या बाजारात, अंजना हसली आणि तिचा खालचा ओठ फुटला त्या क्षणी. अंजना म्हणजे पलीकडच्या मळ्यातल्या आकारामतात्यांची लेक. त्याचं झालं असं, की एका बोकडानं माझ्या नव्या बेलबॉटमची एक बाजू घोट्यापर्यंत चघळली. मालक जागेवर नव्हता, म्हणून मी बोकडालाच जाब विचारला. (कॉलेज सोडताना प्राध्यापकांना विचारला होता तसाच. तेव्हाही उत्तर मिळालं नव्हतं.) माझा आवाज चढलेला, भोवती माणसं गोळा झालेली, आणि मागून ती म्हणाली, "आवं, त्येला काय विचारताय? त्येनं बी कालेज सोडलंय व्हय?" आणि हसली. थंडीनं सुकलेला ओठ तो, मधोमध उलला. रक्ताचा थेंब आला. "तुमच्यापायी झालं ह्ये," म्हणाली आणि पदर लावून निघून गेली.

आता मला सांगा, ओठ माझ्यापायी फुटला तर बरा कुणी करायचा? आणि बरा होता होता जरासा लाल झाला, तर ती निसर्गाची मर्जी. बाजारातली लिपस्टिक देणं शक्य नव्हतं; तसला ओठ घरात दिसला असता तर आकारामतात्यांनी मळा पेटवला असता. म्हणून घरीच करायचं ठरवलं. आई कपाळाला कुंकवाखाली लावते ते मधाच्या पोळ्याचं मेण घेतलं, त्यात खोबरेल घातलं, चमचाभर लोणकढं तूप. (आई विचारत होती, मेण कुठं गेलं. मी म्हटलं, थंडीनं आटलं असेल. मी सायन्सला होतो म्हणून तिनं विश्वास ठेवला.) रंगासाठी बीट किसून त्याचा रस ओतला. पण रस खाली आणि तेल वर, वाटण्या झालेल्या भावांसारखे! ढवळलं की भेटायचे, हात थांबला की पुन्हा वेगळे. मला राग आला, मी सगळं चुलीत ओतलं, भडका उडाला आणि उजवी भुवई गेली. ती येईल परत.

मग काष्ठौषधीच्या दुकानातून रतनजोत आणली. ही मुळी तेलाला रंग सोडते, पाण्याला विचारत नाही. चिमूटभर टाकायची होती. तेवढ्यात कोयनेकडचा नेहमीचा भूकंपाचा हादरा बसला, फळीवरची भांडी वाजली आणि माझ्या हातातली अख्खी पुडी पातेल्यात गेली. गुलाबी व्हायचं ते गडद लाल झालं. अंजनाच्या ओठाला अपाय नको म्हणून आधी कुणाला तरी लावून बघणं भाग होतं. आबा दुपारचे तोंड उघडं टाकून झोपले होते. मामा, रंग इतका पक्का बसला, की आबा उठले ते तसेच सोसायटीच्या मीटिंगला गेले आणि चेअरमन या नात्यानं, पान खाऊन भिंतीवर थुंकणाऱ्यांविरुद्ध त्यांनी ठराव मांडला. ठराव पडला.

मेण थिजवायला झाकणाची छोटी डबी मिळेना, म्हणून आईचा कुंकवाचा जुना पितळी करंडा घेतला. इथंच माझी अक्कल शेण खायला गेली होती. कासारीण राहीबाईला बजावलं, अंजनाच्याच हाती दे. तिनं बांगड्या भरता भरता अंजनाच्या आईच्या हाती दिला, वर म्हणाली, चेअरमनच्या घरनं आलाय. आता लग्नाचा मुलगा असलेल्या घरातून लग्नाच्या मुलीकडं लालभडक भरलेला करंडा गेला, तर आपल्याकडं त्याचा एकच अर्थ, मागणी. दुसऱ्याच दिवशी आकारामतात्या नारळ घेऊन हजर! मी आत जाऊन धड बाजूंची पँट चढवली, भांग पाडला आणि लाजत समोर बसलो. तात्यांनी मला पाणी आणायला सांगितलं. मग आबांना म्हणाले, "नानासोला रजा कवा मिळंल?"

मामा, करंडा मी पाठवला असेल हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं! थोरला दादा, फौजेत, पगारी. आणि मी म्हणजे पाणी आणायला. माझा तोल गेला. ओरडलो, "त्यो करंडा माझा हाय! कुंकू न्हाई त्यात, वठाला लावायचं मेण हाय!" मग सगळ्यांनी सावकाश वळून आबांच्या ओठांकडं बघितलं. आबांनीही हात लावून बघितला.

पुढचं थोडक्यात सांगतो. आबा म्हणाले, करंडा नानासोचाच. (माझ्यावरचा राग त्यांनी लग्न ठरवून काढला.) पौष संपला की माघात बार, तेवढी दादाला रजा मिळाली म्हणजे झालं. मी अन्न सोडलंय, सकाळच्या भाकरीपासून पुढं.

तुमचा,
भाऊसो

ता. क. दादाच्या रजेच्या अर्जावर सुभेदार म्हणून तुमची शिफारस लागते, हे मला माहीत आहे. मामा, देशाच्या सीमेला दादाची फार गरज आहे. निदान फाल्गुनापर्यंत.

आणखी एक. सोबत मेणाची एक डबी पाठवतोय (झाकणाची, आता मिळाली), बर्फात ओठ फुटलेल्या जवानांना वाटा. दादाला देऊ नका. लाल काही दिसलं की त्याला रजा आठवायची.

शेवटचं. पाकीट चिकटवतच होतो, तर राहीबाई करंडा परत घेऊन आली. रिकामा, बोटानं पुसून घेतलेला. अंजनाचा निरोप: "वठ बरा झाला. मेण सपलं. दुसरं सवता घिऊन या म्हणावं, तात्या घरात असताना. बोकडाम्होरं लय त्वांड चालतं, तात्याम्होरं चालतंय का बघू." पातेल्यात उरलेलं मेण गरम करून करंडा भरलाय, अजून कोमट आहे. रजेचं मात्र तुम्ही ध्यानात ठेवाच. आबा ओसरीवर बसलेत. मागल्या दारानं जाणार होतो, पण आता पुढल्यानंच जातो आणि दार लावून घेतो, आबांना ऐकू जाईल असं.