देवी निजल्यावर

आई, तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तुळजापूरला सातवी माळ आहे, पुढच्या खोल्यांत यात्रेकरू उतरलेत. वहिनी उपवासवाल्यांची भगर उतरवून बाकीच्यांच्या भाकरी थापतेय. मदतीला गेले तर तिनं मला हाकललं. बरंच केलं, माझ्या भाकरीचा नकाशा होतो हे तुला ठाऊक आहे.

लहानपणी मला ताप आला की तू अंगठी पाण्यात उकळून ते पाणी पाजायचीस. आता पुण्याच्या प्रयोगशाळेत मी सोन्याचंच पाणी करते, फक्त ते लाल असतं. भेसळ झाली असंल, म्हणाली असतीस. पण सोनं डोळ्याला दिसेनासं बारीक झालं की पाण्यात लालच दिसतं. ते कण आम्ही नाजूक धाग्यांनी एकमेकांना बांधतो, तेव्हा पाणी निळं पडतं. कॅन्सरच्या गाठीतून एक एन्झाइम जादा सुटतं, ते हे धागे कापतं. नमुन्यात ते असलं की कण मोकळे होतात आणि पाणी पुन्हा लाल होतं. गेल्या महिन्यात ते पहिल्यांदा माझ्यासमोर लाल झालं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला तुझा राग येत होता.

तुझ्या हाताला छातीतली गाठ लागली ती घट बसायच्या आधी. दवाखान्यात चल म्हटलं की तू परात पुढं ओढायचीस. दसऱ्याला सीमोल्लंघन करून देवी पलंगावर निजली की गर्दी ओसरंल, तवा जाऊ, म्हणालीस. देवी निजली. मग म्हणालीस, "पुनव होऊ दे. देवी उठल्याबिगर घर सोडून कुठं जायचं?" पुनवेला तर गावात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा थंडी पडली होती, आणि उशीर झाला होता.

मघाशी वहिनीला हे लाल पाण्याचं सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"ताई, ते पाणी ऱ्हाऊ द्या. सासूबाईंचं असं झालं, तुमी सोताला कवा दाखवलं?"

या लाल पाण्याचा एवढा अहवाल जाऊ दे, मग दाखवते, म्हटलं. तिनं भाकरी उलटली.

हे पाठवायचं कुठं? डब्यांमागं सारून ठेवीन. एक राहिलं. पोळ्यापासून माझ्याही हाताला काहीतरी लागतंय, आणि मीही देवी निजायचीच वाट बघत होते. वहिनीची शेवटची भाकरी तव्यावर आहे. ती उतरली की तिला सांगते.