बिस्किटांच्या डब्यातली सदतीस कार्डं

३ ऑगस्ट, सोमवार

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचा गुडघा आता कसा आहे? जिने टाळायला सांग. माझी तब्येत ठीक आहे.

१९ मे, मंगळवार, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं, खोली क्रमांक ६१२. वेळ आधीच लिहून ठेवते, म्हणजे "ताई, वयोमानाने तुझा गोंधळ होतो" हे वाक्य तुला खर्च करावं लागणार नाही.

तुझं निमंत्रण मिळालं. कागद काय जाड! पुढच्या बुधवारी, बारा तारखेला, वीजबचतीबद्दल तुझ्या हॉटेलला बक्षीस, आणि त्याच मंचावर माजी हाउसकीपिंग प्रमुख म्हणून माझा सत्कार. वर तुझा फोन. "ताई, तुझ्या त्या डब्याचा किस्सा मी भाषणात सांगणार. लोक पोट धरून हसतील."

हसतीलच. लॉबीत तू इतका गारठा करून ठेवतोस की हसल्याशिवाय ऊब यायची नाही.

नवी इमारत उठत होती तेव्हा मी विचारलं होतं, पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, वर वीतभर छज्जा नाही, दुपारी इथे माणसं ठेवणार आहेस की शिजवणार आहेस? तू म्हणालास, "ताई, तू चादरी बघ." मी बघितल्या. मग विजेचा खप बघून मालकांनी मॅनेजर म्हणून तुझे कान उपटले आणि तू तो चष्मेवाला इंजिनियर आणलास. भला माणूस. चार दिवस प्रत्येक मजल्यावर थर्मामीटर घेऊन हिंडला. त्याने लिहून दिलं की पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून झडपा लावा, गच्ची पांढरी करा, कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना वारा येऊ द्या, लॉबी इतकी थंड करू नका. त्या अख्ख्या अहवालातलं तुला एकच पान आवडलं. पाहुणा बाहेर पडला, त्याने भिंतीतल्या खाचेतून कार्ड काढलं, की एसी बंद.

पान चुकीचं नव्हतं. रिकाम्या खोलीला गारवा कशाला? पण पाहुणा गेल्यावर खोली रिकामी होते, हे तुला कोणी सांगितलं? तेव्हाच तर आमच्या बायका आत जातात. बंद काचा, पश्चिमेचं ऊन, आणि एकेकीच्या वाट्याला चौदा खोल्या.

त्यांनी मग आपली सोय केली. जुनं कार्ड, पुठ्ठ्याचा तुकडा, जे मिळेल ते खाचेत सारायचं आणि काम होईपर्यंत एसी चालवायचा. तुझ्या विजेच्या आकड्यांत ते दिसलं. तू म्हणालास, "ताई, तुझ्या बायका मला फसवतायत." मला ते लागलं. मी एकेकीचे खिसे तपासले, खाचा तपासल्या. सदतीस कार्डं जमा केली आणि बिस्किटांच्या डब्यात भरून तुझ्या टेबलावर नेऊन ठेवली. तू मला कडकडून मिठी मारलीस. हा तुझा किस्सा.

आता पुढचा, जो तू सांगणार नाहीस.

आमची चिमणी तुला आठवते? सहाव्या मजल्याची, चणीने एवढीशी, तोंडाने फटाका. मी तिचं कार्ड काढून घेतलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, कार्ड घ्या, पण मग चादरीबरोबर मलाही पिळून वाळत घाला." मी तिला म्हटलं, जीभ आवर.

त्या मंगळवारी तिची ती अकरावी खोली होती. तू आजवर समजतोस, किंवा तसं समजणं तुला परवडतं, की ती पाहुण्याच्या पलंगावर झोपली होती. ती पलंगावर नव्हती, बाळ्या. ती बाथरूमच्या फरशीवर पडली होती. हातात ब्रश, अंग तव्यासारखं तापलेलं, घाम एक थेंब नाही. मी तिला ओढत आणलं आणि मीच पलंगावर घातलं. पाहुण्याच्या पलंगावर टेकलेल्या बाईला घरी पाठवायचं, हा बत्तीस वर्षं मीच चालवलेला नियम. एसी लावायला हाताशी ना कार्ड होतं, ना पुठ्ठा. सगळं डब्यात होतं. मी टॉवेल भिजवून तिच्या मानेवर ठेवला. तिने डोळे उघडले तेवढ्यात तू दारात आलास, बक्षीसवाल्यांच्या तपासनिसाला सोबत घेऊन.

"झोपली की काय ही?" तू विचारलंस.

आणि मी म्हटलं, "हो."

एवढंच. तू मला गप्प राहा म्हणाला नाहीस, माझ्या निवृत्तीला बारा दिवस उरले होते हेही कारण नाही. तुझा चेहरा बघितला, आणि लहानपणी तुझ्या हातून फुलदाणी फुटली की मी आईपुढे उभी राहायचे, तशी उभी राहिले. संध्याकाळी रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, "कामाच्या वेळी पाहुण्याच्या पलंगावर झोपलेली आढळली." अक्षर माझं, कॉन्व्हेंटमध्ये वळवलेलं. दुसऱ्या दिवशी तू तिला काढलंस.

परवा ती बाजारात भेटली. चार हॉटेलांनी तिला विचारलं, आधीची नोकरी का सुटली? तुझ्या ऑफिसातून तोच शेरा त्यांना कळवला जातो. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "राहू द्या मॅडम. टॉवेल गार होता, ते आठवतंय मला."

शाळेत खोटं लिहिलं तर सिस्टर त्याच हाताने शंभर वेळा खरं लिहायला लावत. मी तीनदा लिहिलं आहे, सहीनिशी. एक प्रत यासोबत, एक चिमणीकडे, एक त्या इंजिनियरला.

तू काय करायचंस ते ऐक. शेरा खोटा होता आणि ती उष्म्याने पडली होती, हे हॉटेलच्या कागदावर तुझ्या सहीने लिहून दे. तिला कामावर परत घे. आणि पश्चिमेला झडपा बसेपर्यंत दुपारी बायका आत असताना एसी चालेल, हेही लिही. फोन करू नकोस. फोनवर तू "ताई" म्हणतोस आणि मी पुन्हा "हो" म्हणेन.

लेखी उत्तर मंगळवार, ११ ऑगस्ट, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत माझ्या हातात हवं. नाही आलं, तर बुधवारी मी सत्काराला नक्की येईन, आणि डब्याचा किस्सा मीच सांगेन. पूर्ण.

तुझ्यासाठी शेवटचं खोटं बोललेली,
ताई