धोट्यापुढची दांडी

रेवनशॉ, लँकेशायर
१२ मार्च १९८१

प्रिय ऑलिव्ह,

तुझं मेलबर्नचं पत्र मिळालं. मे महिन्यात येते आहेस, आमच्याकडेच उतरणार आहेस आणि आपण तिघींनी मिळून गिरणीकडे चक्कर मारायची, असं लिहिलंस. गिरणीचं आता गालिच्यांचं गोदाम झालंय. धुराडं गेल्या वर्षी पाडलं. लोक घरातून खुर्च्या आणून बघत बसले होते, मीसुद्धा. कोपऱ्यावरचं तळलेल्या माशांचं दुकान तेवढं चालू आहे. आणि तिघींचं म्हणशील, तर लॉटी गेली. मागच्या मंगळवारी, सकाळचा चहा झाल्यावर. अंत्यविधीला चॅपलमध्ये अकरा माणसं होती.

‘विनी, साचेखात्यातले दिवस किती मजेचे होते गं,’ असं लिहिलंस. होते. भोंगा झाला की आपण तिघी हातात हात घालून, लाकडी तळव्यांचे बूट फरशीवर वाजवत निघायचो. आत कापड विणणाऱ्या चारशे साच्यांच्या खडखडाटात कानांचा उपयोगच नव्हता, सगळं बोलणं ओठांनी. माझ्या धाकट्या बहिणीचे, लॉटीचे साचे तुझ्या शेजारी, माझे पार दुसऱ्या टोकाला. तू तिकडून नुसते ओठ हलवून साच्यांची दुरुस्ती बघणाऱ्या जॉबरला ‘म्हातारा बोकड’ म्हणायचीस आणि मी इकडे पोट धरून हसायची. तो बिचारा विचारायचा, ‘काय गं, वेड लागलं का?’

पंचावन्न सालच्या त्या गुरुवारी लॉटीच्या साच्यातून आडवा धागा नेणारा टोकदार धोटा उडाला आणि तिचा डावा डोळा गेला. धोट्यापुढची लोखंडी दांडी जागेवर असती तर तो तिच्यापर्यंत पोचलाच नसता. पण दांडी तीन आठवड्यांपूर्वी मोडली होती आणि ‘बघतो, बघतो’ म्हणत जॉबर ती घेऊन गेला होता. लॉटी घरी रोज जेवताना त्यावरून चिडचिड करायची. तुझ्यादेखत तिने त्याला दोनदा विचारलं होतं. डोक्याला मार बसला, तेव्हा ते सगळे आठवडे तिच्या मनातून पुसले गेले. म्हणजे बघणारी उरलीस तू एकटी. इस्पितळात तिचा हात धरून तू म्हणालीस, ‘काळजी करू नकोस, मी साहेबांना खरं काय ते सांगते.’

सोमवारी तुला ऑफिसात बोलावलं. मी काचेच्या भिंतीबाहेर उभी होते. साहेबांची पाठ माझ्याकडे होती, तुझं तोंड माझ्याकडे. ‘दांडी होती, साहेब,’ तू म्हणालीस. ‘लॉटीनेच काढली असणार. धागा ओवताना आड येते म्हणायची.’ एकेक अक्षर मी तुझ्या ओठांवर वाचलं. दोन महिन्यांत तुझा नवरा क्लिफर्ड जॉबर झाला.

लॉटीला निष्काळजी ठरवून काढून टाकलं. तिने तुला विचारलं, तेव्हा तू काय सांगितलंस ते आठवतं? ‘अगं, मी नको नको म्हणत होते, तूच ऐकलं नाहीस.’ तिला ते पटलं. घरी येऊन म्हणाली, ‘ऑलिव्ह कशाला खोटं बोलेल?’ वॉल्टरशी ठरलेलं लग्न तिनेच मोडलं. स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलेली बायको त्याच्या गळ्यात कशाला, म्हणाली. मग सव्वीस वर्षं लोकांच्या पायऱ्या घासल्या. काचेचा डोळा मिळाला तो खऱ्यापेक्षा जरा जास्तच निळा होता. फोटो काढायचा म्हटलं की ती मान वळवायची.

तू म्हणशील, मग तू का तोंड उघडलं नाहीस, विनी? बरोबर आहे. आई अंथरुणाला खिळलेली, घर माझ्या सहा साच्यांवर चाललेलं. त्या सोमवारी मी काचेपासून मागे फिरले आणि कामाला लागले. पुढे सांगू म्हटलं. पुढे तुम्ही ऑस्ट्रेलियाला गेलात, दर नाताळला तुझं कार्ड यायचं आणि लॉटी ते वर्षभर आरशात खोचून ठेवायची. तिला तेवढी एक मैत्रीण होती. ती मी कशी काढून घेऊ? असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे भीती माझीच होती. ती म्हणाली असती, ‘आणि तू हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस?’

तू येशील तेव्हा हॉटेलात उतर, माझ्याकडे नको. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. जायच्या आदल्या दिवशी मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती खूश झाली, आणि मग रडायला लागली. म्हणाली, ‘विनी, माझ्या मूर्खपणापायी बिचारीला साहेबांसमोर माझ्याविरुद्ध बोलावं लागलं. तिच्या जिवाला केवढं लागलं असेल. मी कधी माफी मागितलीच नाही. ती येईपर्यंत मी नसले तर तू तिला सांगशील ना?’ मी सांगेन म्हटलं. तेव्हाही मी एवढंच बोलले, ऑलिव्ह. तर लॉटीने तुझी माफी मागितली आहे.

एकेकाळी तुझीच असलेली,
विनी